वाट मला दिसतेय

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
२४ ऑगस्ट २०२५

नीलम,

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून पत्र. स्वप्नालीच्या नाशिकच्या घराचा पत्ता माझ्या वहीत होता.

आधी कामाचं. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे. एक दिवसाआड वर जाऊन खिडक्या उघडते, कुंड्यांना पाणी घालते. फ्रिज रिकामा करून पुसून बंद केला आहे. भेटायला येणाऱ्यांना 'ती मुलीकडे आहे' एवढंच सांगते. तुझा पत्ता कोणालाही दिलेला नाही. पंढरीनाथांच्या कपड्यांना मी हात लावलेला नाही. ते तू आल्यावर.

दुसरं, आपलं भटकंतीचं मंडळ, 'हलकं पाऊल', मी बंद केलं. नऊ वर्षं आपण लोकांना एसटीने डोंगरात नेलं, घरची ताट-वाटी घ्यायला लावली, गावात ज्याच्या चुलीवर जे शिजेल ते जेवायला लावलं, रानात स्पीकर लावू दिला नाही. आता पुरे. केबिन रोडवर आपल्या ग्रुपमधला चंदन भेटला. स्वतःच्या दुकानातून धावत रस्त्यावर आला आणि विचारलं, "आंटी, ग्रुप वापस कब चालू करेंगे?" मी म्हटलं, "नहीं करेंगे." त्याला आणखी काही बोलायचं होतं. मी थांबले नाही.

तिसरं. त्या दिवशी काय झालं ते मी तुला स्मशानाच्या बाहेर सांगत होते, पण तू ऐकण्याच्या स्थितीत नव्हतीस. तू नाशिकला नातवाजवळ होतीस, त्यामुळे कोणाकोणाचं ऐकून तू जे जुळवलं असशील त्यापेक्षा हे बरं.

३ ऑगस्टला आम्ही एकोणीस जण करंजधारला गेलो. वाटाड्या नेहमीचा, धाकू. तो पुढे, मी मध्ये, पंढरीनाथ सगळ्यांच्या मागे. मागे राहायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. गावापासून दीड तास चढलं की सडा लागतो. मैलभर सपाट कातळ आणि गवत. आम्ही वर पोचलो आणि धुकं आलं. धुकं म्हणजे असं की पुढच्या माणसाची पाठपिशवी दिसे, माणूस दिसत नसे. पंढरीनाथ रेनकोट चढवायला थांबले. त्यांच्या पुढच्या बाईंना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." सडा ओलांडून आम्ही पलीकडच्या विहिरीपाशी थांबलो, मी माणसं मोजली, अठरा भरली. धाकू लगेच उलटा धावत गेला. गावातली माणसं आली. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सड्याच्या पश्चिमेच्या कड्याखाली सापडले. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले असणार. हे मी तुझं समाधान करायला लिहीत नाही, कागदावर तसं आहे.

धाकूविरुद्ध तू करंजधारच्या वन समितीकडे केलेल्या तक्रारीची प्रत मला मिळाली. पावसाळ्यापूर्वी सड्यावरच्या वाटेला खुणा करणं हे वाटाड्याचं काम आहे, असा समितीचा नियम आहे आणि या वर्षी खुणा नव्हत्या, असं तू लिहिलं आहेस. नियम तसा आहे. खुणाही नव्हत्या. समितीने त्याचं ओळखपत्र काढून घेतलं आहे आणि १२ ऑक्टोबरच्या बैठकीत ते कायमचं रद्द करायचं की नाही हे ठरणार आहे. मंडळाची प्रमुख म्हणून माझा लेखी जबाब मागितला आहे. छापील कागद आलाय, खाली सही करायची आहे.

योग्य जागी तक्रार केलीस. बाकी सवडीने.

अनसूया

*

गोडदेव
७ सप्टेंबर

नीलम,

तुझं पत्र आलं. दोन ओळी. 'ताई, त्या कागदावर सही करा. बाकी मला काही लिहू नका.'

पहिली गोष्ट अजून केलेली नाही, दुसरी मोडते आहे.

कागद टेबलावर आहे. त्यात एकच महत्त्वाचं वाक्य आहे: 'दि. ३ ऑगस्ट रोजी सड्यावरील मार्गावर कोणत्याही प्रकारची खूण अस्तित्वात नव्हती, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.' वाक्य खरं आहे. त्यात एक शब्द खोटा नाही. मी बावीस वर्षं हाटकेशच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं तपासली. हातातलं झाकण पास की नापास हे सांगायला मला कधी दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. हा कागद मी रोज बघते आहे.

तुझा राग समजतो. राग कोणावर तरी ठेवावाच लागतो, हेही समजतं. पण धाकूबद्दल दोन गोष्टी तुला माहीत असायला हव्यात. समितीने त्याला विचारलं, खुणा का केल्या नाहीस? तो म्हणाला, मेमध्ये केल्या होत्या, वाऱ्याने गेल्या. कोणाचाच विश्वास बसला नाही. वारा दहा-वीस नेईल, सगळ्या कशा नेईल? त्यानंतर तो गप्प राहिला. गप्प राहणं म्हणजे कबुली, असं समितीला वाटलं. मलाही सोयीचं वाटलं.

सोयीचं हा शब्द मी खोडणार होते. राहू दे.

तू जूनच्या फेरीला नव्हतीस. १५ जून. स्वप्नालीचं बाळंतपण होतं म्हणून तू नाशिकला गेलीस आणि पंढरीनाथ एकटे आले. ती आपली सफाईची फेरी होती. त्याआधी आपण करंजधारला फक्त थंडीत गेलो होतो. पावसाळ्याच्या तोंडावर तो सडा मी पहिल्यांदा पाहत होते.

आज एवढंच. डोकं दुखतं आहे. गणपतीत तुमच्या मजल्यावर कोणाला ढोल वाजवू दिला नाही, मी खाली उभी होते.

अनसूया

*

गोडदेव
२१ सप्टेंबर

नीलम,

काल माझ्याकडे धाकूची बायको आली होती. विमलाबाई. करंजधारला आपण जिच्या ओटीवर जेवायचो ती, तिच्या हातच्या नाचणीच्या भाकऱ्या तू मोजून पाच खाल्ल्या होत्यास. तिची नणंद इथे गोडदेव गावठाणात राहते. तिला घेऊन पत्ता विचारत आली.

मी म्हटलं, वर बसा. म्हणाली, "खाली बरं हाय." चहा विचारला. "नको. उपास न्हाय, पन नको."

मग तिने सगळ्या खोलीभर नजर फिरवली. माझं घर तुला माहीत आहे. कापडी पिशव्या खुंटीला, मडकं, काचेच्या बरण्या.

"लय सोच्छ घर हाय तुमचं," ती म्हणाली. "एक कागुद इकडं तिकडं न्हाय. आमच्याकडं हाय एक कागुद. तुमचाच हाय."

मी विचारलं, धाकू कसा आहे?

"कसा असनार? खडीच्या मशीनीवर जातो. डोंगर दावायचा तो डोंगर फोडतो आता. गावात बायका पान्यावर गेल्या की आपसात बोलतात, हिच्या नवऱ्यानं मानूस मारला. मी हंडा भरते नि येते."

"त्याने समितीला खरं का नाही सांगितलं?"

"तुमीच सांगा, का न्हाय सांगितलं." मग म्हणाली, "मी बोल्ले, चिठी दाव. तर मला म्हनतो, बाईंच्या संगतीचा पन मानूस गेलाय, आता आपुन कशाला त्यांना उघडं पाडायचं. आनी दावली चिठी, तर शेरातली मानसं म्हनतील गावानं आमच्यावर घातलं. मग कोन येनार? अकरा घरांत मानसं जेवत्यात तुमच्यासारख्यांच्या पायी. असा हाय तो. येडा."

नणंद म्हणाली, "चल गं." विमलाबाई उठली नाही.

"दगडं रचली व्हती त्यानं," ती म्हणाली. "तुमच्या चिठीनंतर. ढीग केलं व्हतं, हितंहितं. जुलैत गवात कंबरंला आलं, दगडं गवातात गेली. दुसरं काय करनार? कापूड बांधलं तर आठ दिसात कुजतं."

जाताना दारात तिने चपला घातल्या आणि मागे न बघता म्हणाली, "मी मागाया न्हाय आले. बगाया आले, तुमी कशा दिसता ते."

आता चिठ्ठीबद्दल, कारण तू विचारशीलच.

सड्यावर वाटेच्या कडेला करवंदीच्या जाळ्या आहेत. धाकू मे महिन्यात खताच्या पिवळ्या गोण्या फाडून त्यांच्या पट्ट्या त्या जाळ्यांना बांधतो. धुक्यात पांढरं, हिरवं काही दिसत नाही, पिवळं दिसतं. एका पट्टीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते. त्या होत्या खुणा.

१५ जूनला त्या मी काढल्या. कात्रीने. एकशे बारा. मोजल्या, कारण मी सगळंच मोजते. गोणीत भरल्या आणि आपल्या ग्रुपवर फोटो टाकला, 'करंजधार सडा प्लास्टिकमुक्त.' तो फोटो तुलाही आला होता. तू खाली टाळ्या पाठवल्या होत्यास. हे तुझ्यावर ढकलण्यासाठी लिहीत नाही. त्यात पिवळं दिसतं, एवढंच सांगायचं आहे. हवं तर आता उघडून बघ.

तीन दिवसांनी मी धाकूला पत्र टाकलं: 'पुढील फेरीच्या वेळी मार्गावर प्लास्टिकची एकही पट्टी आढळल्यास आमचे मंडळ करंजधारला येणार नाही.' त्याची प्रत माझ्या फाइलमध्ये आहे. मूळ पत्र विमलाबाईच्या ट्रंकेत आहे.

मला माहीत नव्हतं, नीलम. मला तो कचरा वाटला. बाहेरून गेलेल्या माणसाला तो कचराच वाटला असता. हे तू समितीला सांगू शकतेस, मीही सांगेन.

अनसूया

*

गोडदेव
५ ऑक्टोबर

नीलम,

मागचं पत्र रजिस्टरने पाठवलं होतं. पोचपावतीवर स्वप्नालीची सही आहे. तू वाचलंस की नाही, माहीत नाही. वाचलं असशील तर त्यातला शेवटचा परिच्छेद काढून टाक. तो खोटा आहे.

मला माहीत होतं असं नाही. पण मला सांगितलेलं होतं. या दोन गोष्टींत फरक आहे असं मी चौदा दिवस स्वतःला बजावत होते. आता लिहून बघते, म्हणजे कळेल किती फरक आहे.

त्या दिवशी छान उघडीप होती. सडा लख्ख. पायवाट समोर रेघेसारखी पडलेली, आंधळ्यालाही सापडेल अशी. मी वर पोचताच सगळ्यांना गोल उभं केलं आणि प्लास्टिकवर बोलले. दहा मिनिटं. तू असतीस तर म्हणाली असतीस, ताई, आता पुरे, ऊन लागतंय. मग मी पहिल्या जाळीपाशी गेले आणि पट्टी कापली.

धाकू पुढे गेला होता, तो परत आला.

"बाई, ती ऱ्हाऊ द्या."

"का?"

"ती वाट हाय."

मी वर बघितलं. वाट उजव्या हाताला स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, तो मला वाट दाखवतोय, मी भलतीकडे चाललेय असं समजून.

"वाट मला दिसतेय, धाकू," मी म्हटलं.

दोघं-तिघं हसले. तो बाजूला झाला. मी आणखी पाच-सहा कापल्या. एवढ्यापर्यंत ती चूक होती. 'वाट' या शब्दाचा त्याचा अर्थ एक आणि माझा एक. एवढंच असतं तर मी तुला हे पत्र लिहिलं नसतं, मागच्यावरच थांबले असते.

तो पुन्हा आला. या वेळी टोपी काढून हातात धरली होती.

"बाई, तसं न्हाय. धुकं आलं ना, मग हीच वाट हाय. दुसरी वाटच न्हाय."

हे मराठीच होतं, नीलम. मला समजलं.

आणि पंढरीनाथ तिथे होते. गोणी त्यांच्या हातात होती, तोंड उघडं धरून माझ्या मागे मागे चालत होते. ते म्हणाले, "अनसूयाताई, तो काय म्हणतोय ते ऐकून तरी घ्या. झाकण नापास करताय की माणूस?"

सगळे हसले. मोकळेपणाने, जोरात. तुझ्या नवऱ्याला ते छान जमायचं, सगळ्यांना एका वाक्यात हसवायचं. त्यात विखार नव्हता. चंदनने तर टाळी दिली त्यांना.

मला हसलेलं सहन होत नाही. तुला माहीत आहे. वीस माणसांसमोर प्लास्टिकवर दहा मिनिटं बोलले होते, हातात कात्री होती आणि मी थांबले असते तर ते हसू माझ्यावर तसंच राहिलं असतं. म्हणून मी म्हटलं, "पंढरीनाथ, गोणी नीट धरा." धाकूला म्हटलं, "प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक. दुसरी काही सोय करा."

त्यांनी गोणी नीट धरली. शेवटच्या जाळीपर्यंत. माझ्याबरोबर चालले. एकदाही पुन्हा बोलले नाहीत, कारण मी रागावले हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि मला राग आला की ते गप्प होत.

३ ऑगस्टला धुकं आलं तेव्हा, खोटं सांगत नाही, माझ्या मनात पहिली तीच गोष्ट आली. मी ती बाजूला सारली आणि लोकांना सांगितलं, एकमेकांच्या पाठपिशवीला धरून चाला. शेवटच्या माणसाच्या मागे धरायला कोणी नसतं, हे विहिरीपाशी मोजताना कळलं.

त्या दिवशी तुझ्या नवऱ्याने माझं ऐकलं नसतं, गोणी खाली टाकली असती, तर ते आज असते, असंही मी मधे एक-दोनदा स्वतःला सांगून बघितलं. माणूस कुठे कुठे जातो बघ. त्यांनी गोणी धरली कारण मी सांगितलं. बाकी काही कारण नाही.

तेव्हा त्या कागदावर मी सही करणार नाही. रविवारी १२ तारखेला मी स्वतः करंजधारला जाते आहे. वर लिहिलं ते सगळं तिथे सांगेन. तुला आधी कळावं म्हणून हे आज टाकते आहे. समितीच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. बरं म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण तसं वाटतं.

अनसूया

*

गोडदेव
१४ ऑक्टोबर

नीलम,

रविवारी जाऊन आले. जे झालं ते क्रमाने लिहिते.

बैठक शाळेच्या वर्गात होती. अध्यक्ष बाबाजी, चिटणीस दत्ताराम, समितीची सहा माणसं, पोलीस पाटील. गावातले पंधरा-वीस जण खिडक्यांशी उभे. धाकू मुलांच्या बाकावर बसला होता, गुडघे हनुवटीला लागत होते. विमलाबाई दारात.

बाबाजींनी मला पाहिल्यावर खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाई, एवढ्या लांब कशाला आलात? कागद भरलेलाच होता, सही तेवढी टपालाने पाठवायची."

मी म्हटलं, सही करणार नाही, सांगायचं आहे.

"बोला ना. बसून बोला."

मी उभी राहून बोलले. मी काय काय बोलले ते तुला माहीत आहे, पाच तारखेचं पत्र तुझ्याकडे आहे. काही गाळलं नाही. पंढरीनाथांचं वाक्य सांगितलं तेव्हा खिडकीतून कोणी तरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं.

दत्ताराम लिहून घ्यायचं थांबले होते. म्हणाले, "अध्यक्ष, हे लिहायचं का?"

बाबाजी म्हणाले, "मग काय गायचं? लिही."

मग त्यांनी माझ्या पत्राची प्रत मागितली. मी फाइलमधून काढून दिली. विमलाबाई दारातून आत आली, पदराखालून मूळ पत्र काढलं आणि त्या प्रतीशेजारी ठेवलं. दोन्ही कागद सगळ्यांच्या हातांतून फिरले. माझं अक्षर सुवाच्य आहे. कोणालाही अडचण आली नाही.

बाबाजी धाकूकडे वळले. "तू का बोलला न्हाईस रं? दोन म्हयने खडी फोडतोयस."

धाकू बाकाच्या लाकडावर अंगठा घासत म्हणाला, "मी बोल्लो व्हतो. तवा. दोनदा बोल्लो. तिसऱ्यांदा बोलाया पायजे व्हतं."

मी म्हटलं, नाही. दोनदा पुष्कळ होतं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमी वरडलात ना, तर मी गप ऱ्हायलो. मानूस मेल्यावर मला वाटलं, मी गप का ऱ्हायलो? तुमी काय, शेरातल्या. डोंगर माझा. माज्या डोंगरात मी गप ऱ्हायलो." तो मला माफ करत नव्हता आणि मला दोषही देत नव्हता. तो माझ्याबद्दल बोलतच नव्हता. मी तिथे गेले होते त्याच्यावरचं ओझं उतरवायला, आणि मला दिसलं की त्यातला एक भाग मला उचलताच येणार नाही. तो त्याच्याकडेच राहील. तो भागही मीच दिलेला आहे.

समितीने त्याचं ओळखपत्र त्याच बैठकीत परत केलं. त्याने ते न बघता खिशात टाकलं आणि गुरं बांधायला गेला. गावातल्या बायकांपैकी एकीने बाहेर पडताना विमलाबाईचा हात धरला. विमलाबाईने धरू दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

मी एसटीसाठी निघाले तर विमलाबाई आडवी आली.

"जेवून जा."

मी म्हटलं, नको.

"राग हाय तुमचा. लय हाय. पन उपाशी न्हाय धाडनार. चला."

मी जेवले. ओटीवर. ती समोर बसली नाही, आत चुलीपाशी भांडी वाजवत राहिली. ताट उचलायला आली तेव्हा म्हणाली, "सायबांची बाई येनार व्हती का?" तुझ्याबद्दल. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "तिला सांगा, आमचा तिच्यावर राग न्हाय. तिनं काय करायचं? तिला जे दिसलं ते तिनं लिवलं." सांगते आहे.

आता महत्त्वाचं. पोलीस पाटलांनी माझा जबाब तालुक्याच्या पोलीस ठाण्यात पाठवला आहे. तो पाठवणं त्यांना भागच आहे आणि मी त्यांना थांबवलं नाही. आजवर पंढरीनाथांचा मृत्यू अपघात म्हणून नोंदलेला आहे. आता चौकशी होईल. मला बोलावतील, मी जाईन. वकील नको असं मी ठरवलं आहे. आपल्या ग्रुपमधल्या वासंतीचा मुलगा वकील आहे, त्याने फोन करून मला वेडी म्हटलं. म्हणू दे.

ते तुलाही बोलावतील. नाशिकला माणूस येईल किंवा तुला इथे यावं लागेल. विचारतील, या बाईंबद्दल तुमची तक्रार आहे का? तुझ्या उत्तरावर पुढचं बरंच ठरेल, असं पाटील म्हणाले.

मी तुला ओळखते. तू रागाच्या भरात धाकूविरुद्ध लिहिलंस, पण मला समोर उभं केलं की तुझ्या मनात येईल, ताई सहासष्ट वर्षांच्या आहेत, एकट्या आहेत, माझ्या आईच्या आजारपणात तीन महिने रोज डबा आणून देत होत्या. स्वप्नाली म्हणेल, आई, सोडून दे. सोसायटीतले म्हणतील, त्यांनी मुद्दाम थोडंच केलं. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही तिथे बोलण्यासारखं नाही. डब्याचा आणि त्या सड्याचा काही संबंध नाही. मी पत्रं लिहिली, करंजधारला गेले, याचाही संबंध नाही. ते मी केलं ते धाकूसाठी होतं, आणि तेही दोन महिने उशिरा.

तुला धाकूबद्दल चुकीचं कळलं होतं म्हणून तुझी पहिली तक्रार चुकली. आता तुला सगळं कळलेलं आहे. मी काही लपवलेलं नाही. पुन्हा पुन्हा तपासून बघितलं, काही राहिलेलं नाही.

तेव्हा ते विचारतील तेव्हा माझी मैत्रीण म्हणून उत्तर देऊ नकोस. पंढरीनाथांची बायको म्हणून दे.

अनसूया